पॉलिसीधारकाची बायको

जिची उमेदीची सारी वर्षं लोकांच्या खिडक्या झाकण्यात गेली, तिच्या स्वतःच्या नव्या घरात मात्र खिडक्यांना जुन्या चादरी लटकत होत्या. त्याही कपड्यांच्या चिमट्यांनी अडकवलेल्या. पडदेवाल्या बाईंना त्याचं काही वाटत नव्हतं. घरचे पडदे काय, कधीही शिवता आले असते. त्यांचा जीव जळायचा तो चादर बाजूला केली की समोर दिसणाऱ्या गाडीकडे बघून.

निळं प्लॅस्टिक पांघरून गाडी दारासमोर उभी होती. जुना विमा रद्द झाला होता आणि परवडेल असा नवा मिळत नव्हता. विम्याशिवाय गाडी रस्त्यावर काढता येत नाही. आणि गाडीशिवाय पडद्यांचे लांब पाइप गिऱ्हाइकाकडे नेता येत नाहीत. बाईंनी एकदा ते बसमधून न्यायचा प्रयत्न केला. ड्रायव्हरने पाइपांकडे आणि मग बाईंकडे असं काही बघितलं, की त्या पुढे काही न बोलता उतरल्या. भाड्याचा टेम्पो केला, तर शिलाईत जे सुटायचं ते टेम्पोवाल्याच्या खिशात. एका नव्या दवाखान्याचं मोठं काम हातात होतं. खाटाखाटांमधले, खिडक्यांचे, डॉक्टरांच्या खोलीतले, सगळे पडदे त्यांचे. शिवून, इस्त्री करून, घड्या घालून पलंगावर ठेवलेले. त्या पलंगावर झोपायचं कुणी हा प्रश्न होता, म्हणून नवरा-बायको जमिनीवर गादी घालून झोपत होते. दवाखान्याचा मॅनेजर एक दिवसाआड फोन करायचा.

"बाई, पडदे झालेत म्हणता ना?"

"झालेत."

"मग अडलंय कुठे?"

अडलंय कुठे, हे सांगायला बसलं असतं तर मॅनेजरचा चहा गार झाला असता.

मुळात घर बदललं ते सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी. बाईंचे यजमान लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला होते. गावातल्या निम्म्या इमारती त्यांच्या हातून वर-खाली होत असत, पण ते स्वतः राहायचे बिनलिफ्टच्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर. "माझा लेक सगळ्या जगाला वर चढवतो," सासूबाई जिन्यात दम खात म्हणायच्या, "आणि मला मात्र जिने मोजायला लावतो." शेवटी गुडघ्यांनी साफ नकार दिला, तेव्हा गावाच्या दुसऱ्या टोकाला हे तळमजल्याचं घर घेतलं. सामान हललं आणि पत्ते बदलायची कामं निघाली. बँक, गॅस, वीज, सगळं बाईंनी केलं. यजमानांकडे एकच काम दिलं, गाडीच्या विम्याचा पत्ता बदलायचं. पॉलिसी त्यांच्या नावावर होती, म्हणून.

यजमानांचा एक स्वभाव होता. स्वभाव म्हणण्यापेक्षा धंद्याचं वळण. लिफ्टच्या दोरातली एक तार जरी सुटलेली दिसली तरी बोलायचं, आपल्याला ती क्षुल्लक वाटली तरी बोलायचं, कारण खाली माणसं उभी असतात. उमेदवारीच्या दिवसांत हे त्यांच्या डोक्यात असं बसवलं होतं की कुणी काहीही विचारलं तरी ते दिसलेलं सगळं सांगून मोकळे व्हायचे. शेजारणीने नुसतं "बरं आहे ना?" विचारलं, तरी तिला रक्तदाबाचा आकडा कळायचा.

तर त्यांनी कंपनीला फोन लावला. बाई मशीनवर होत्या. फोन स्पीकरवर होता. पलीकडे एक गोड आवाजाची मुलगी होती.

"सर, नव्या पत्त्यावर गाडी कुठे उभी करणार?"

"रस्त्यावर," यजमान म्हणाले. "म्हणजे दारासमोरच, पण तिथे उतार आहे. आणि कोपऱ्यावर ट्रक वळतात. शेजाऱ्यांच्या गाडीचा आरसा मध्ये फुटला म्हणे."

बाईंचा पाय मशीनवरून उचलला गेला.

"गाडी मुख्यतः कोण चालवतं सर?"

"बायको. चांगली चालवते. पण संध्याकाळी जरा कमी दिसतं, असं तीच म्हणते."

"अहो!" बाई ओरडल्या.

"काय?" यजमान फोन हातात धरून म्हणाले. "म्हणतेस ना?"

"आणि वापर सर? घरगुती का?"

"घरगुती आणि धंद्याचा पण. पडद्यांचे पाइप नेतो. मोठे असले की मागच्या काचेतून थोडे बाहेर येतात."

पलीकडे टकटक टाइप झालं. मग मुलीने नवा हप्ता सांगितला. जुन्याच्या जवळजवळ दुप्पट. कोपऱ्यातल्या खुर्चीवरून सासूबाई म्हणाल्या, "हात दाखवून अवलक्षण, ते हेच हो."

"आई, मी खोटं काय बोललो?"

"खोटं कुठे म्हणतेय मी? थोडं कमी बोलला असतास."

बाईंनी तिथल्या तिथे निकाल दिला: ही पॉलिसी रद्द करा, दुसऱ्या कंपनीची घेऊ. दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत यजमानांनी कुठल्याशा इमारतीच्या गच्चीवरून, लिफ्टच्या यंत्रखोलीतून फोन करून पॉलिसी रद्द केली. संध्याकाळी घरी आले तेव्हा हात ग्रीसने काळे होते. बाईंनी मोरीच्या दाराशी उभं राहून विचारलं, "झालं का?"

"झालं. पंधरा दिवसांत उरलेले पैसे खात्यात येतील म्हणाली."

"काही कापणार वगैरे नाहीत ना?"

नळ वाहत होता. यजमान कोपरापर्यंत साबण चोळत होते. "बघू काय ते," असं काहीतरी ते म्हणाले, आणि बाई मशीनकडे वळल्या.

पंधरा दिवसांनी पैसे आले नाहीत, हिशोब आला. त्यात रद्द करण्याचं शुल्क होतं आणि त्याच्याखाली प्रशासकीय खर्च असं दुसरं शुल्क होतं. दोन्ही वजा जाऊन जे उरत होतं ते बघून सासूबाई म्हणाल्या, "एवढ्यात त्या मुलीचा पगार तरी निघेल का ग?" आणि तेवढेही पैसे खात्यात आलेले नव्हतेच. वर नवीन कंपनीने अट घातली: इतकी वर्षं तुम्ही एकही भरपाई मागितली नाही, तशी जुन्या कंपनीची चिठ्ठी आणा, मगच आम्ही सवलतीचा हप्ता लावू. सवलत नसेल तर हप्ता पुन्हा तोच, दुप्पट. आगीतून फुफाट्यात.

बाईंनी कंबर कसली आणि स्वतः फोन लावला. आधी बराच वेळ बासरी वाजली. "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे," असं मधूनमधून एक बाई सांगायची आणि पुन्हा बासरी. फोन मशीनशेजारी ठेवून बाईंनी दवाखान्याच्या दोन पडद्यांच्या पट्ट्या दुमडून घेतल्या. तेवढ्यात पलीकडे एका मुलाने उचलला.

"पॉलिसीधारक बोलताय का?"

"त्यांची बायको बोलतेय."

"सॉरी मॅडम, माहिती फक्त पॉलिसीधारकांनाच देता येते."

"अहो, गाडी मीच चालवते! हप्तासुद्धा माझ्याच पैशांनी भरलाय!"

"तरी पण मॅडम. सुरक्षिततेसाठी आहे हे."

"कुणाच्या?"

मुलाने सुचवलं, की पॉलिसीधारकांनी एकदा फोनवर परवानगी दिली की पुढचं बोलणं मॅडमशी होईल. पण पॉलिसीधारक दिवसभर लिफ्टच्या बोगद्यात, जिथे फोन लागायचा नाही. दुपारची सुट्टी बासरीतच संपायची, आणि कंपनी संध्याकाळी बंद. शेवटी यजमानांच्या एका सुट्टीच्या दिवशी, बासरी ऐकून झाल्यावर, बाईंनी नवऱ्याच्या हातात फोन दिला आणि समोर बोट नाचवलं: फक्त हो म्हणा.

"सर, आपल्या पत्नीला आपल्या पॉलिसीबद्दल सगळी माहिती द्यायला आपली परवानगी आहे का?"

यजमानांनी विचार केला. "सगळी म्हणजे कोणती कोणती?"

बाईंनी कपाळावर हात मारला. सासूबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

"असं नको बघूस," यजमान फोनवर हात ठेवून म्हणाले. "सही करायच्या आधी वाचावं माणसाने."

"ही सही नाहीये! हो म्हणा!"

"हो," यजमान म्हणाले.

मग कळलं ते असं. पैसे अडकले होते कारण कंपनीकडे पत्ता जुनाच होता. नवा पत्ता का नोंदवला नाही? कारण पॉलिसी रद्द झाली. रद्द झालेल्या पॉलिसीवर नवा पत्ता नोंदवता येत नाही. आणि पत्त्याची खात्री झाल्याशिवाय पैसे पाठवता येत नाहीत.

"म्हणजे मी परत जुन्या घरी राहायला जाऊ?" बाईंनी विचारलं.

"तसं नाही मॅडम. तुम्ही तक्रार नोंदवा."

तक्रार नोंदवली. बाईंनी ती मन लावून लिहिली. मुद्दा पहिला, शुल्काची आम्हाला कसलीही कल्पना दिली नव्हती. मुद्दा दुसरा, पैसे अजून आले नाहीत. मुद्दा तिसरा, चिठ्ठी द्या. पहिला मुद्दा त्यांनी सर्वांत ठसठशीत लिहिला होता, कारण शुल्काचा आकडा बघितल्यापासून त्यांच्या डोक्यातून तो जात नव्हता. पैशाला पैसा जोडून त्यांनी हा संसार उभा केला होता. गिऱ्हाइकाने कापडाचा उरलेला तुकडा परत मागितला तर तो इस्त्री करून द्यायची त्यांची पद्धत. आणि इथे कुणीतरी, काही न सांगता, खिशात हात घालत होतं.

उत्तर आलं. तक्रार अधिकारी स्वतः फोन करतील, पॉलिसीधारकांनी हजर राहावं. बाईंनी नवऱ्याला रजा टाकायला लावली. आदल्या संध्याकाळी, पडद्यांच्या ढिगाशेजारी जमिनीवर बसून, त्यांनी शिकवणी सुरू केली.

"साहेब विचारेल, शुल्काबद्दल सांगितलं होतं का? तुम्ही म्हणायचं, नाही. बस. उताराचं नाही, ट्रकचं नाही. नाही."

यजमान नखाने जमिनीवरचा रंगाचा जुना डाग खरवडत होते.

"ऐकताय ना?"

"ती बोलली होती," यजमान म्हणाले.

"कोण?"

"ती मुलगी. रद्द करताना. शुल्क लागेल म्हणाली, आकडा पण सांगितला. चालेल का सर, म्हणाली. मी चालेल म्हटलं."

सासूबाईंनी खुर्चीतली हालचाल थांबवली.

"आणि हे तुम्ही मला आज सांगताय? मी इतके दिवस त्या बासरीवर नाचतेय, तक्रारी लिहितेय, लोकांना खोटारडं ठरवतेय..."

"तू त्या दिवशी विचारलंस, तेव्हा मला वाटलं आता सांगितलं तर तू भडकशील. आधीच हप्ता माझ्यामुळे वाढलेला. मग तू लिहून टाकलंस. मग आणखी कसं सांगणार?"

"शेजारणीला तुमचा रक्तदाब माहीत आहे," बाई हळू आवाजात म्हणाल्या, आणि त्यांचा हळू आवाज या घरात कुणालाच आवडायचा नाही. "विम्याच्या मुलीला माझे डोळे माहीत आहेत. जगाला सगळं सांगता. माझ्याच वेळी बरा नळ वाहतो."

"बाकी कुणाला सांगायला काय जातं?" यजमान म्हणाले. "त्यांच्यासोबत घरी यायचं नसतं."

सासूबाई म्हणाल्या, "चला, मला उठवा कुणीतरी. पाय आखडले."

दुसऱ्या दिवशी फोन आला तो ठरल्या वेळेच्या बऱ्याच उशिराने. अधिकाऱ्याचा आवाज मऊ, दुपारच्या जेवणानंतरचा. यजमानांनी नाव, जन्मतारीख सांगितली, आणि मग काही न बोलता फोन बायकोपुढे धरला. "तूच बोल," ते पुटपुटले. "तू जे सांगशील त्याला माझी हरकत नाही."

"मॅडम, मी फाइल बघितली," अधिकारी म्हणाला. "पत्ता आज मी स्वतः दुरुस्त करून घेतो. राहिला प्रश्न शुल्काचा. त्या दिवशीच्या कॉलचं रेकॉर्डिंग काही कारणाने आमच्याकडे नाही. त्यामुळे तुमचा शब्द आणि आमच्या कर्मचारी मुलीची नोंद. तिने सांगितल्याचं लिहिलंय. पण तुम्ही ठामपणे म्हणत असाल की सांगितलं नाही, तर आम्ही ग्राहकाच्या बाजूने निर्णय देऊ. रक्कम पूर्ण परत. मुलीचं काय करायचं ते आम्ही बघू."

"काय करायचं म्हणजे?"

"तो आमचा अंतर्गत भाग आहे मॅडम. नवीन आहे ती. चुकीची नोंद केली असेल तर ठेवणार नाहीत."

समोर भिंतीला टेकवून ठेवलेले पाइप होते. दवाखान्याचे. शुल्क परत आलं असतं तर उशिराबद्दल मॅनेजर जे कापणार होता त्याची भरपाई झाली असती. बाईंना ते आकडे तोंडपाठ होते. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता. हा आत्ता काही बोलेल, नेहमीसारखं नको ते बोलून मोकळा होईल आणि आपल्याला निदान त्याच्यावर ओरडता येईल, असं बाईंना फार वाटलं. पण तो नेमका आजच गप्प होता.

"मॅडम?"

"सांगितलं होतं," बाई म्हणाल्या. दातावर दात दाबून. "तिने सांगितलं होतं. आमच्या घरात ते माझ्यापर्यंत पोचलं नाही. तिची काही चूक नाही, तसं लिहा तिच्या नोंदीत."

"ठीक आहे मॅडम. मग शुल्क कायम राहील."

"राहू दे. पण आता मला सांगा, बाकीचे पैसे आणि माझी चिठ्ठी, ती कुठल्या नियमाने अडवलीत? पंधरा दिवस म्हणाली होती तीच मुलगी. तिचं शुल्काचं खरं, तर पंधरा दिवसांचंही खरंच ना?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज. "पत्त्यामुळे थोडा उशीर झाला. आणि नंतर मॅडम, तक्रार चालू असेपर्यंत खातं गोठवलेलं असतं."

"म्हणजे मी तक्रार केली म्हणून थांबलं?"

"तसं म्हणता येणार नाही. पण तक्रार होती म्हणून थांबलं."

"आणि या उशिराबद्दल मी आता तक्रार केली तर?"

अधिकारी प्रामाणिकपणे विचारात पडला. "तर खातं पुन्हा गोठेल," तो म्हणाला.

सासूबाई म्हणाल्या, "नमस्कार कर ग त्यांना आणि ठेव." अधिकाऱ्याला ते ऐकू गेलं असावं, कारण तो पहिल्यांदाच हसला. बाई हसल्या नाहीत. तक्रार मागे घेतो, असं त्या म्हणाल्या. तसं पॉलिसीधारकांच्या तोंडून यावं लागेल, असं अधिकारी म्हणाला. फोन नवऱ्याकडे गेला. "मागे घेतो," यजमान म्हणाले, आणि त्यापुढे खरोखरच एक शब्द बोलले नाहीत.

चिठ्ठी त्याच संध्याकाळी बाईंच्या मोबाइलवर आली. एवढ्या दिवसांची झकाझकी, आणि चिठ्ठीत चार ओळी. पैसे मात्र आणखी रेंगाळत, कुणाचं लक्ष नसताना येऊन पडले. नव्या कंपनीची पॉलिसी बाईंनी स्वतःच्या नावावर घेतली. प्रश्नांची उत्तरं स्वतः दिली, सगळी खरी, विचारलं तेवढीच. हप्ता जुन्यापेक्षा थोडा जास्त बसला. ट्रक तर वळतच होते.

घरात बोलणं कामापुरतं चाललं होतं. मीठ द्या, दार लावा. दवाखान्यात पडदे लावायच्या दिवशी यजमान न सांगता सुट्टी घेऊन आले, ड्रिल आणि शिडी घेऊन. दिवसभर भोकं पाडली, पाइप बसवले, बाई खालून कड्या देत राहिल्या. पडदे सुंदर पडले. मॅनेजरने एकेक खोली फिरून पडदा ओढून बघितला, वा म्हणाला आणि उशिराचे पैसे कापून चेक दिला. बाईंनी चेककडे बघितलं, घडी घातली, पर्समध्ये टाकला. भांडायचं त्राण त्यांच्यात उरलं नव्हतं.

परत येताना गाडी बाई चालवत होत्या. मागे उरलेले दोन पाइप एकमेकांवर वाजत होते. चढावर इंजिन ओरडलं, पण गाडीने जोर धरला नाही.

"क्लच घसरतोय," यजमान समोर बघत म्हणाले.

"आज?"

यजमान नखाने सीटवरचा डाग खरवडायला लागले. हे खरवडणं बाईंना आता ओळखीचं झालं होतं.

"नाही. घर बदलायच्या आधीपासून."

बाईंनी गियर खाली टाकला. मागून कुणीतरी हॉर्न मारला, त्याला त्यांनी आरशातून असं बघितलं की तो गप्प झाला. ओरडायला सुरुवात केली असती तर ती क्लचवर थांबली नसती.

चढ संपल्यावर त्यांनी गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"बोला," त्या म्हणाल्या. "क्लच झाला. आणखी काय काय आहे? गाडीचं, घराचं, तुमचं, काय असेल ते. मी भडकणार आहे, हे आत्ताच सांगते. तरी बोला."

यजमानांनी खिडकीची काच वर केली, म्हणजे आवाज बाहेर जायला नको. मग खाली केली, कारण आत उकडत होतं. मग त्यांनी मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात केली.